पतनाधीन भीमाबाई

मार्च महिन्यात भीमाबाई चौथ्या मजल्याच्या गॅलरीत साडी वाळत घालताना तोल जाऊन खाली पडल्या, आणि जून उजाडला तरी त्या जमिनीपर्यंत पोहोचल्या नव्हत्या. यात निसर्गनियमांची काही चूक नव्हती. भीमाबाई ‘गच्चीवीर’ नावाच्या मासिक कॉमिकमधल्या होत्या, आणि तिथे पडणं आणि आपटणं यांच्या मधोमध प्रकाशक बसलेला असतो.

‘गच्चीवीर’ लिहायची आणि काढायची क्षिप्रा, राहणार डोंबिवली पूर्व. तिचा नायक अगदी साधा होता. अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, आणि एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उडी मारायची विद्या. तो कावळ्यांपासून पापड राखायचा, टाकीमागे अडकलेली मांजरं सोडवायचा. विश्वाचा अंत वगैरे भानगडीत तो पडत नसे. त्याचे वाचक मोजके, पण जीव लावणारे होते. मार्चच्या अंकातल्या शेवटच्या चौकटीत भीमाबाई हवेत होत्या आणि गच्चीवीर समोरच्या इमारतीवरून झेपावला होता. एप्रिलमध्ये पहिल्याच पानावर त्याने त्यांना झेलायचं, हे क्षिप्राने काढूनसुद्धा ठेवलं होतं.

तेवढ्यात प्रकाशक सुधीरसरांनी तिला घोडबंदर रोडवरच्या ऑफिसात बोलावून घेतलं. सरांकडे आणखी तीन महानायकांच्या मालिका होत्या आणि तिन्हींचा खप रडतखडत चालला होता. एका धडधाकट माणसाला तीन आजाऱ्यांच्या खाटेवर झोपवलं की तिघंही बरे होतात, असा सरांचा धंद्यातला सिद्धांत होता. आजवर तो कुठे खरा ठरला होता, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

“अगं क्षिप्रा, आपण महासंगम करतोय,” सर म्हणाले. “चारही हिरो एकत्र. एकच गोष्ट, चार मासिकांत वाटून.”

“पण सर, माझ्या भीमाबाई हवेत आहेत.”

“असू देत की. कुठे पळून जातायत?”

“मॅम, टेन्शन नको घेऊ,” खप सांभाळणारी प्राची म्हणाली. “भीमाबाईचं पडणं हाच तर आपला मेन इव्हेंट आहे. चारही जण तिला वाचवायला निघणार. एकदम भारी होणार बघ!”

लगेच एक समन्वय समिती नेमण्यात आली. समितीने पहिल्याच बैठकीत गुरुत्वाकर्षणाला तूर्त स्थगिती दिली आणि ‘इतर मान्यवर घटनास्थळी येईपर्यंत गच्चीवीराने आपली झेप आहे त्या स्थितीत ठेवावी’ असं क्षिप्राला कळवलं. भीमाबाईंचा उल्लेख यापुढे ‘पतनाधीन महिला’ असा करावा, असंही ठरलं.

एप्रिलमध्ये कॅप्टन घोडबंदर मदतीला निघाला आणि ट्रॅफिकमध्ये अडकला. अख्खा अंक तो अडकलेलाच होता. ट्रॅफिक कशामुळे झालं, हे कळायला त्याचं स्वतःचं मासिक घ्यावं लागत होतं. मे महिन्यात खडवलीची जलकन्या आली. तिला पाण्याबाहेर करमत नसल्याने ती टँकरमधून आली, आणि टँकर बघताच इमारतीतल्या सगळ्या बायका भीमाबाईंना विसरून हंडे घेऊन धावल्या.

मग मानपान सुरू झालं. आलेल्या पाहुण्यांचा सत्कार केल्याशिवाय झेल कसा घेणार? तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर हवेतच शाल-श्रीफळ झालं. जाता जाता भीमाबाईंच्याही हातात एक पुष्पगुच्छ देण्यात आला. सर्वांत शेवटी पोहोचलेला चौथा हिरो म्हणजे ठाकुर्लीचा तेजोनिधी. त्याला मिळालेली शाल जरा आखूड निघाली, तेव्हा तो रुसला. या रुसव्यासाठी ‘तेजोनिधी का रुसला?’ असा जोड-अंक काढावा लागला. त्याच्या शेवटी तो हसला, पण ते हसू कॅप्टनच्या अंकात छापलं होतं.

क्षिप्राच्या इमारतीत तळमजल्यावर त्र्यंबककाका राहत. बँकेतून निवृत्त झालेले, आणि गच्चीवीराचे पहिल्या अंकापासूनचे वाचक. त्यांनी तिला जिन्यातच गाठलं.

“अगं, हे काय चालवलं आहेस? एक बाई पडते आहे, एवढं समजण्यासाठी मला चार-चार मासिकं घ्यावी लागतात! या जोड-अंकांनी तुझ्या मालिकेचा गळा घोटला आहे. स्पष्ट सांगतो, राग मानू नकोस.”

“मग नका घेऊ ना काका.”

“न घेऊन कसं चालेल? पडते आहे ना ती!”

जूनमध्ये समितीने कळस केला. ‘भीमाबाई : पडता पडता’ हा विशेषांक निघाला. त्यात भीमाबाई दुसऱ्या मजल्याकडे सरकत असताना आपलं माहेर, सासर आणि हरवलेली नथ आठवतात. अंक हातोहात संपला. सरांनी ऑफिसात पेढे वाटले आणि झेल घेण्याचा निर्णय पुढील सूचना मिळेपर्यंत प्रलंबित ठेवला.

“ती पडतेय म्हणून आपण उभे आहोत, बाळ,” ते म्हणाले.

क्षिप्राने पेढा हातात धरून तो विशेषांक चाळला. गच्चीवीर एकाच चौकटीत होता. पाठमोरा, कॅप्टनचं श्रीफळ धरून उभा. तिला रडूच फुटलं. ज्याच्या नावाने मासिक निघत होतं, तो त्यात नारळ सांभाळायला उरला होता.

“मला एक अंक हवाय सर,” ती म्हणाली. “फक्त माझा. पाहुणे नाहीत, सत्कार नाही.”

“काढ की! मी कधी अडवलंय?” सर उदारपणे म्हणाले. “फक्त त्यावर महासंगमचा शिक्का येणार नाही. नियम म्हणजे नियम.”

क्षिप्राने जेवणखाण विसरून तो अंक काढला. पहिल्याच पानावर गच्चीवीराची झेप पुरी झाली आणि भीमाबाई अलगद त्याच्या हातांत आल्या. “इतका वेळ कुठे होतास रे मेल्या?” असं त्यांनी त्याला झापलं. मग त्याने त्यांची साडी पिळून दोरीवर नीट वाळत घातली, आणि दोघं गच्चीवर चहा पीत बसले. इतकं चांगलं तिने याआधी कधी काढलं नव्हतं. हे तिला स्वतःलाही ठाऊक होतं.

जुलैमध्ये तो अंक बाजारात आला आणि स्टॉलवर बांधलेले गठ्ठे सुतळीसकट परत आले. त्याच महिन्यात ‘भीमाबाईंना अजून का वाचवत नाही?’ अशा संतप्त ईमेलनी सरांचा कॉम्प्युटर भरून गेला.

क्षिप्रा काकांच्या दारात जाऊन उभी राहिली.

“काका, तुम्ही तरी वाचलात ना?”

“कुठला? तो बिनशिक्क्याचा? नाही गं. म्हटलं, त्यात काही महत्त्वाचं नसणार.”

तिने पिशवीतून अंक काढून त्यांच्या हातात ठेवला. काका चष्मा लावून उंबऱ्यातच वाचू लागले. झेलाच्या चौकटीपाशी ते थांबले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

“वाचली गं बाई!” ते म्हणाले. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, एकदा पुन्हा वाचलं, आणि अंक बंद करून चष्मा पुसत विचारलं, “पण क्षिप्रा, हे अधिकृत धरायचं का?”

“म्हणजे?”

“नाही, म्हणजे शिक्का नाही, कॅप्टन नाही, जलकन्या नाही. असं एका पानात एकदम वाचवली? मग आम्ही इतके दिवस कशासाठी थांबलो?”

“तुम्हालाच ती वाचलेली हवी होती ना काका?”

“हवी होती की! अजूनही हवी आहे.” काकांनी अंक अदबीने तिला परत दिला आणि चपला पायात सरकवल्या. “जरा स्टॉलवर जाऊन येतो. महासंगमचा नवा अंक आला असेल. त्यात अजून पडते आहे ना ती?”

“पडतेय,” क्षिप्रा म्हणाली.

“मग हरकत नाही,” काका म्हणाले, आणि अगदी निर्धास्त मनाने फाटकाबाहेर पडले.