वरचं तेल, खालचं पाणी

मसाल्यांची तेलं काढणाऱ्या कारखान्यात मी नोकरीला आहे. (बिलं बनवतो. शेजाऱ्यांना मात्र ‘तेलात आहे’ एवढंच सांगतो.) आमच्याकडे वेलदोडे सबंधच वाफेवर ठेवतात. भरडून ठेवले तर तेल जास्त निघेल, असं माझ्या मनाने घेतलं आणि एका रविवारी सकाळी मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. वेलदोडे महाग, म्हणून लवंगा भरडल्या.

नेमकी त्याच दिवशी बायकोची रेडिओवर गाण्याची चाचणी होती. लग्नाआधीपासून ती या बोलावण्याची वाट पाहत होती. ती आत सूर लावत होती आणि मी कुकरची शिट्टी काढून तिथे रबरी नळी बसवत होतो.

“अहो, कसला वास सुटलाय?”

“प्रगतीचा!”

नळी थंड पाण्याच्या बादलीतून फिरवली. पातेल्यात गढूळ पाणी ठिबकू लागलं. तेल वर तरंगतं हे कारखान्यात रोजच बघतो. मी वरचं वरचं चमच्याने अलगद काढून बाटलीत भरलं. उरलेलं ओतून द्यायला जीव होईना.

“लवंगेचं कोमट पाणी आहे. गुळण्या कर, गळा मोकळा होईल.”

“नक्की ना?”

“अगं, मी तेलात आहे!”

तळाशी पिवळट थेंब बसले होते. ते वाया जाऊ नयेत म्हणून मी चांगलं ढवळूनही दिलं.

बसमध्येच तिने माझा दंड धरला. “अओ, माई दीभ कुथंय?”

स्टुडिओत सूर लागला, शब्द मात्र एकही लागेना. परीक्षकांनी अदबीने विचारलं, “बाई, गाणं कोणत्या भाषेतलं?” काचेपलीकडे तिचे डोळे भरून आलेले दिसले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर येऊन कारखान्यातल्या केमिस्टला फोन लावला आणि भरडण्यापासून गुळण्यांपर्यंत सगळं सांगितलं.

“अहो, लवंगेचं तेल पाण्याहून जड! खाली बसतं. दुखऱ्या दाताला लावतात ते, तोंड बधिर होतं.”

“मग बाटलीत काय आहे?”

“पाणी. पण एवढं बधिर झालं म्हणजे तेल भरपूर निघालं. भरडायची कल्पना झकास आहे हं!”

(आयुष्यात एकच कल्पना बरोबर निघाली आणि ती घरी सांगायची सोय नाही.)

संध्याकाळी तिची जीभ ताळ्यावर आली. मी मान खाली घालून म्हणालो, “चुकलो गं. सगळा दोष माझा.”

“छे हो,” ती अगदी स्पष्ट उच्चारात म्हणाली, “तुमचा कसला दोष? तुमचं ऐकलं मी!”