सभेचे ठिकाण : दवाखान्याचा व्हरांडा

मालक होण्यात एकच गैरसोय आहे. मालकाला मालक नसतो, त्यामुळे तक्रार कुणाकडे करायची हे त्याला कळत नाही. सातारा-सांगलीकडच्या माणसाला हे फार लवकर उमगते, कारण इथे मूल जन्मते तेच कुठल्या ना कुठल्या संस्थेचे सभासद म्हणून. (नाव मागाहून ठेवतात.)

हरणाबाईंना मात्र ते पन्नाशीत उमगले. इस्लामपूरजवळच्या एका शेडमध्ये शाळेच्या गणवेशांना कॉलर लावण्याचे काम त्या करत. शेड वीरधवल यांची. बायकांच्या मागण्या तीन : पंखा, संडासाला आतून कडी आणि साडेपाचला सुट्टी. बोलायला हरणाबाई पुढे. वीरधवल म्हणाले, विचार करतो. आणि विचार करायला महाबळेश्वरला गेले. तिथे एका हॉटेलात ‘श्रमिकांची मालकी’ या विषयावर शिबिर होते, दोन्ही वेळच्या जेवणासह. परत आले ते पार बदलून.

“अक्का, मागण्या कसल्या करताय? आजपास्नं तुमीच मालक.”

मागणाऱ्यालाच मालक केले की मागणी राहत नाही, हा शोध अत्यंत साधा आणि बिनखर्चाचा आहे. नारळ फुटला, सहकारी संस्था झाली, हरणाबाई चेअरमन झाल्या. वीरधवल नुसते मार्गदर्शक उरले. (शेड, मशिनी आणि गिऱ्हाईक त्यांच्याकडेच राहिले. मार्गदर्शनाला एवढे तरी लागतेच.)

फायदे लगेच दिसू लागले. पूर्वी आठपर्यंत थांबावे लागे त्याला पिळवणूक म्हणत, आता श्रमदान म्हणू लागले. कडीचा विषय उपसमितीकडे गेला. उपसमितीतल्या बायका संडासाला जाताना एकमेकींना दाराशी राखण उभ्या करत आणि तेवढ्यात बैठक उरकून घेत.

मे संपत आला, गणवेशांची घाई उडाली, आणि हरणाबाईंची लेक पूजा कराडच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणासाठी दाखल झाली. पहिलीच खेप, सासरी बाईमाणूस नाही. जावयाचा फोन आला : “मामी, पूजा सारखं तुमचंच नाव काढतीया.”

रजा मंजूर करण्याचा अधिकार चेअरमनचा. म्हणून हरणाबाईंनी ती स्वतःकडे रीतसर मागितली आणि फारशी चौकशी न करता देऊन टाकली. तेव्हा वीरधवल यांनी मार्गदर्शन केले.

“चेअरमनच उठून गेल्या तर बाकीच्यांनी कुणाकडं बघायचं? मालकाला रजा नसती, अक्का. आमच्या आबांनी उभ्या जन्मात एक रजा घेतली न्हाई.” (हे खरे होते. ते कामालाही कधी गेले नव्हते.)

हरणाबाई पुन्हा मशीनवर बसल्या. दोन कॉलरी उलट्या लागल्या. तिसरी उसवता उसवता त्यांनी कात्री खाली ठेवली. शेजारच्या मशीनवर संस्थेच्या सचिव राजेश्वरी होत्या.

“राजेश्वरी, मालकाला रजा नसती. पर सभा असती का गं?”

“सभा असतीच की. तातडीची तर कवाबी घ्यावी.”

“आन् ती कुठं घ्यायची?”

“चेअरमन म्हणंल तिथं.”

हरणाबाईंनी उठून मेन स्विच खाली ओढला. मशिनी थांबल्या.

“तातडीची सर्वसाधारण सभा,” त्या म्हणाल्या. “ठिकाण, कराडचा सरकारी दवाखाना.”

“अक्का, हे बरं न्हाई,” वीरधवल म्हणाले.

“आवं, तुमीच मालक केलं न्हवं?”

टेम्पोत जेवढ्या मावल्या तेवढ्यांत गणपूर्ती झाली. दवाखान्याच्या व्हरांड्यात सिस्टरने अडवले : एका पेशंटला एकच नातेवाईक. राजेश्वरींनी खुलासा केला, “आमी नातेवाईक न्हाई, बाई. सभासद हाय.” ही तरतूद सिस्टरच्या नियमांत नव्हती, त्यामुळे तिला नाही म्हणता आले नाही.

आतून पूजा कळवळली. हरणाबाई बंद दाराला तोंड लावून म्हणाल्या, “आले गं बाई. हितंच हाय, दाराशी.” मग त्या दारापासून हलल्या नाहीत. सभेचे काम राजेश्वरींनी पुढे नेले. पंखा मंजूर, कडी मंजूर. साडेपाचच्या ठरावाला अनुमोदन मागत असतानाच आतून बाळ रडले. ते मत हिशेबात धरून ठराव एकमताने संमत झाला.

ठराव अमलात आले आणि शिलाई महाग झाली. गिऱ्हाइकाने हात वर केले, वीरधवल यांनी मार्गदर्शनाचा राजीनामा दिला (मशिनी संस्थेलाच भाड्याने दिल्या). म्हणून बायकांनी कुर्ते शिवले आणि थेट पुण्याच्या प्रदर्शनात नेले. प्रत्येक कुर्त्याला चिठ्ठी होती : ‘हा शिवणारी बाई साडेपाचला घरी जाते.’

लोकांना चिठ्ठी फार आवडली. कित्येकांनी तिचा फोटो काढला, दोघा-तिघांनी डोळे टिपले. डोळे टिपून झाल्यावर विचारत, “जरा कमी होतील ना?”

“व्हतील की,” हरणाबाई शांतपणे म्हणत. “बाईला किती वाजता घरी सोडू, तेवढं सांगा.”

कुणी रागावले नाही. सुशिक्षित माणसे होती. खरोखर विचार करत. बहुतेकांचे साताला जमले. एका गृहस्थांनी साडेसहाच्या पुढे अन्याय होईल असे बजावून दोन कुर्ते घेतले.

हे वाचता वाचता आपणही मनात एखादी वेळ धरली असेलच. ती तेवढी कळवावी. दिवा कधी मालवायचा ते बायकांना आधी ठाऊक असलेले बरे.