पिन बाणाच्या मागं

"यंदा ॲप्रन माझ्या गळ्यात पडला, तर वेंडेल न्यूबाउर हे नाव लावणार नाही!" रविवारी सकाळी पॅनकेकवर सिरप ओतता ओतता वेंडेलने जाहीर केलं.

"बरं," त्याची बायको मार्लिस म्हणाली. "आधी ते सिरप थांबव. टेबलावर चाललंय."

वेंडेलला एका जागी स्वस्थ बसणं माहीतच नव्हतं. बोलताना हात चालत, हात थांबले की पाय चालत, आणि दोन्ही थांबले तर समजायचं, झोपलाय. झोपेतसुद्धा तो गादीच्या चारही कोपऱ्यांना भेट देऊन यायचा.

ॲप्रनचं प्रकरण असं होतं. मार्लिसचे वडील आर्नो यांचं विस्कॉन्सिनच्या उत्तरेला रानात एक लाकडी घर होतं. सप्टेंबरात धनुष्यानं हरणाची शिकार खुली झाली की सगळे तिथं जमायचे. पण आर्नोंचा नियम कडक. आदल्या संध्याकाळी वीस पावलांवर कागदी ताटली लावायची आणि तीन बाण मारायचे. तिन्ही ताटलीत, तर पहाटे मचाणावर. एक जरी बाहेर गेला, तर ॲप्रन बांधून स्वयंपाकघरात! नेम कच्चा असलेल्या माणसानं जनावर अर्धमेलं करू नये, हा त्यामागचा विचार. मार्लिस वयाच्या बाराव्या वर्षापासून मचाणावर होती. वेंडेल सलग दोन वर्षं कांदे चिरत होता. तो स्वयंपाक फार छान करायचा, पण कुणी "वा!" म्हटलं की त्याला ते चिमट्यासारखं लागायचं.

त्याचं धनुष्य तीस वर्षांचं होतं. दोन्ही टोकांना चाकं, दोरी ओढायला जोर सत्तर पौंडांचा. एका लिलावात, कुणा स्वर्गवासी शिकाऱ्याच्या सामानातून घेतलेलं. तीन बाण सोडले की खांदा बोंब मारायचा, म्हणून दिवसाला तीनच बाण. यंदा मात्र वेंडेलनं रीतसर तयारी केली होती. नवी दोरी चढवली, दोन्ही चाकं एकाच वेळी फिरतात की नाही ते पाहिलं, दोरीवर बाण अडकवायची जागा मापून बांधली. आणि सासऱ्यांचा मंत्र एकदाचा पाठ केला, 'पिन बाणाच्या मागं!' म्हणजे बाण डावीकडे जात असेल तर धनुष्यावरची नेम धरायची पिनही डावीकडेच सरकवायची. गेली दोन वर्षं तो ती उलटी सरकवत होता.

रविवारी संध्याकाळी त्यानं परसातल्या गवताच्या गठ्ठ्यावर ताटली लावली. तिन्ही बाण एकमेकांना चिकटून, पण मधल्या ठिपक्याच्या चार बोटं डावीकडे. वेंडेलला आकाश ठेंगणं झालं. त्यानं एलन-की, म्हणजे पिनेचा स्क्रू सैल करायची किल्ली, काढली, पिन हिशेबानं डावीकडे सरकवली, धनुष्य शेडमध्ये टांगलं आणि शीळ घालत घरात आला.

सोमवारी तिन्ही बाण वीतभर उजवीकडे!

"असं कसं?" वेंडेल गठ्ठ्याभोवती तीन फेऱ्या मारून आला. पिन पुन्हा सरकवली, आता उजवीकडे. रात्री जेवताना त्यानं काट्या-चमच्यांचं धनुष्य करून मार्लिसला सगळं समजावलं.

"अरे, जेव ना!" ती म्हणाली. "जमेल तुला. मला खात्री आहे."

खात्री! वेंडेलला संशय यायला हवा होता. मार्लिस खात्री कधी द्यायची नाही, फार तर शक्यता द्यायची.

मंगळवारी बाण हातभर डावीकडे गेले. दोन गठ्ठ्याच्या कडेला लागले आणि तिसरा कुंपणापलीकडे, शेजारीच राहणाऱ्या आर्नोंच्या परसात जाऊन त्यांच्या लाडक्या भोपळ्यात घुसला. जत्रेत मांडायचा भोपळा! वेंडेल टोपी हातात घेऊन माफी मागायला गेला.

"असू दे रे, जावईबापू," आर्नो बाण उपटून देत म्हणाले. "भोपळे काय, पुढच्या वर्षीही येतील."

वेंडेल बाण घेऊन घाईघाईनं परत निघाला. मागं एकदा भोपळ्याच्या पानावर पाय पडला होता, तर हा माणूस आठवडाभर बोलला नव्हता!

धनुष्यच बिघडलं असणार. बुधवारी त्यानं जुन्या फोटोच्या चौकटीत वर्तमानपत्र ताणून बसवलं आणि दोन पावलांवरून बाण आरपार सोडला. बाण वाकडा निघत असेल तर कागद एका अंगाला फाटतो. कागदाला पडलं गोल, सुबक भोक. म्हणजे धनुष्य ठणठणीत! त्याच जोमात त्यानं ताटलीवर नेम धरला. बाण गठ्ठ्याच्या पार उजवीकडून गेला आणि शेडच्या दारात थरथरत उभा राहिला. उरलेला एक बाण सोडायची त्याची छाती झाली नाही.

"मग बिघडलोय मी," तो स्वतःशी म्हणाला. पिन तेवढी सरकवली. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी डोळे गेले! रात्रभर त्यानं गादीच्या प्रदक्षिणा घातल्या.

गुरुवारी सकाळी त्यानं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानातून रजा घेतली आणि डोळ्यांच्या डॉक्टरणीकडे गेला. तिनं थेंब घातले, दिवे मारले, अक्षरं वाचायला लावली.

"डोळे उत्तम आहेत," ती म्हणाली. "फक्त थेंबांमुळे दोन-तीन तास धूसर दिसेल. गाडी चालवू नका."

मग तो चालतच निघाला. दीड मैल. घरी पोचला तेव्हा शेडचं दार उघडं होतं. आत, खिडकीच्या उजेडात, एक उंच, पांढरी, धुरकट आकृती त्याच्या धनुष्यावर वाकली होती!

डोळे उत्तम आणि धनुष्य ठणठणीत, म्हटल्यावर उरतं काय? लिलावातला स्वर्गवासी शिकारी!

"मेलो!" वेंडेल किंचाळला. "घेऊन जा! तुमचंच आहे ते! पावती शोधून देतो!"

"अरे गाढवा, मी आहे!" आकृती ओरडली. "आर्नो!"

"आर्नो? तुम्ही इथं काय करताय?"

आर्नोंनी हात पाठीमागं नेला. धूसर का होईना, एलन-की चमकलेली वेंडेलला दिसली.

"पिन सरकवत होतो," ते पुटपुटले. "रोज दुपारी येतो. गठ्ठ्यावरची भोकं बघतो आणि पिन बाणाच्या मागं नेतो. दोन वर्षं तुझं पडलेलं तोंड बघतोय. नियम मोडता येत नाही मला, म्हणून म्हटलं, पिनच..."

"डॅड!" दारातून मार्लिसचा आवाज आला. जेवायच्या सुट्टीत ती घरी आली होती, आरडाओरडा ऐकून पळत सुटली होती. "तुम्ही रोज सरकवता? मग मी सकाळी कामावर जायच्या आधी रोज काय करतेय?"

तिच्याही हातात एलन-की होती. आज सकाळी वेंडेल घरीच होता, म्हणून तिचं काम राहिलं होतं.

वेंडेलनं एकदा या किल्लीकडे, एकदा त्या किल्लीकडे पाहिलं. मग वेंडेल बोटांवर मोजू लागला. संध्याकाळी तो, सकाळी बायको, दुपारी सासरा. तिघांनी तीच भोकं बघायची आणि तिघांनी बरोबर तेवढीच पिन सरकवायची! चार बोटांच्या चुकीला बारा बोटांची दुरुस्ती!

"म्हणजे मी बरोबर होतो," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून!"

"तू स्वतः बरोबर करशील असं आम्हाला वाटलंच नाही रे," मार्लिस म्हणाली आणि तिनं त्याला मिठी मारली. बोलणं काही फार गोड नव्हतं, पण मिठी मनापासूनची होती.

दोन्ही किल्ल्या जप्त झाल्या. थेंबांचा अंमल उतरल्यावर वेंडेलनं एकट्यानं पिन लावली.

शुक्रवारी संध्याकाळी रानातल्या घरासमोर ताटली लागली. मार्लिसचे तीन बाण आत. वेंडेलचेही तिन्ही आत, तेही मुठीत मावतील एवढे जवळ! तो अंगणभर नाचला. मग आर्नो पुढं झाले. आठवडाभर जावयाच्या धनुष्याची सेवा करताना स्वतःचं त्यांनी खोक्यातून बाहेरसुद्धा काढलं नव्हतं. तिसरा बाण ताटलीच्या बोटभर बाहेर लागला.

"नियम म्हणजे नियम," ते म्हणाले आणि मुकाट्यानं ॲप्रन बांधला.

पहाटे पाचला वेंडेल मचाणावर चढला. स्वप्न पुरं झालं! पहिली दहा मिनिटं स्वर्गसुखाची गेली. अकराव्या मिनिटाला नाकावर डास बसला. हलायचं नाही, खोकायचं नाही, डास मारायचा नाही. पायाला मुंग्या आल्या. फांदी करकरली. एक खार त्याच्याकडे बघून ओरडली आणि ओरडतच राहिली. हे असं दुपारपर्यंत? याच्यासाठी दोन वर्षं जीव टाकला? तिसऱ्या तासाला वाऱ्यावर करपलेल्या कांद्याचा वास आला आणि त्याचा जीव कासावीस झाला. एवढ्या मोठ्या आचेवर कुणी कांदा परततं का!

स्वयंपाकघराचं दार ढकलून तो आत आला. "सरका आर्नो, द्या तो झारा इकडे."

आर्नोंनी झारा दिला नाही. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. आठला पाच कमी.

"आणखी पाच मिनिटं दम निघाला नाही तुला?" ते कळवळून म्हणाले. "मार्लिसनं माझ्याशी पैज लावली होती, तू आठच्या आत खाली येशील. आता तीन दिवस भांडी मला घासायची आहेत!"