भास्कररावांचा विनंती थांबा

दिंडोरीहून वणीकडे जाताना रस्त्याच्या उजव्या अंगाला तीस गुंठ्यांचे एक शेत आहे. त्या शेतात दररोज सकाळी बरोबर आठ वाजता कारखान्याचा भोंगा वाजतो. वास्तविक शेतात कारखाना नाही. तेथे एक विहीर आहे, चार खोल्यांचे घर आहे, वांग्याचे वाफे आहेत, आठ कोंबड्या आहेत आणि हा भोंगा स्वहस्ते फिरविणारे श्री. भास्करराव कोठुळे आहेत.

भास्कररावांनी नाशिकमधील सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात तीस वर्षे नोकरी केली. निवृत्त होताच त्यांनी हे शेत घेतले आणि पत्नी सुमनवहिनी, मुलगा निलेश व सून ज्योती यांच्यासह अक्षय्यतृतीयेला येथे राहावयास आले. सातपूरचे एक वर्कशॉप बंद पडले, तेव्हा त्याच्या भंगारातून त्यांनी तो भोंगा उचलून आणला होता. आठ वाजता काम सुरू, साडेबाराला जेवण, पाच वाजता सुट्टी, असे तीन भोंगे होतात. मुलगा मोटरसायकलवरून सातपूरला शिफ्टला गेलेला असतो. म्हणजे भोंगा ऐकून कामावर हजर होणारी मंडळी दोन: पत्नी आणि सून.

"मी काय तुमची हेल्पर लागले का?" असे सुमनवहिनींनी पहिल्याच दिवशी विचारले. त्यावर भास्करराव म्हणाले, "हेल्पर नाय. परमनंट."

सदर गृहस्थाशी माझा संबंध व्यवसायाने आला. मी दिंडोरीच्या तहसील कचेरीबाहेर चिंचेखाली बसून गेली पंचवीस वर्षे अर्ज, प्रतिज्ञापत्रे व हरकती लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले आहे, तथापि माझा मसुदा भाषेच्या कारणाने कोणत्याही टेबलावरून परत आल्याचे उदाहरण नाही. मोठमोठे बागाईतदार माझ्यासमोर मान खाली घालून बसतात. भास्करराव मात्र पहिल्या भेटीतच माझा लिहून झालेला अर्ज उन्हात धरून म्हणाले, "रायटर, डावा समास वर नि खाली सारखा नाय. दीड मिलिमीटरचा फरक हाय. टॉलरन्समध्ये बसत नाय."

हे टॉलरन्स म्हणजे ठरलेल्या मापापेक्षा किती फरक खपवून घ्यावयाचा, त्याची मर्यादा. हा शब्द ते देव, पाऊस, आमटी आणि सरकार या सर्वांना लावतात. तपासणीसाठी त्यांच्या वरच्या खिशात जाडी मोजावयाचे पोलादी मापक कायम असते, आणि माझा समास त्यांनी त्याच मापकाने मोजला होता. मी अर्ज पुन्हा लिहिला. पंचवीस वर्षांत प्रथमच.

भोंग्याचे प्रकरणही माझ्याकडेच आले. त्यांचे शेजारी सुकदेव एके दिवशी तावातावाने येऊन बाकड्यावर बसले.

"लिहा भाऊ! त्या कोठुळ्याचा भोंगा झाला का माझी म्हैस पान्हा चोरती. दूध खाली सोडीतच नाय. लय वैताग हाय."

मी ग्रामपंचायतीच्या नावे खणखणीत अर्ज लिहून दिला. आठ दिवसांनी भास्करराव त्या अर्जाचे उत्तर लिहून घेण्यासाठी माझ्याकडे आले. "लिहा, रायटर. भोंग्याचं टायमिंग फिक्स हाय. म्हशीचं त्यांनी ॲडजस्ट करावं." मी तेही लिहिले. धंदा म्हटल्यावर पक्ष निवडता येत नाही. परंतु ग्रामपंचायतीतील लिपिकाने दोन्ही कागद शेजारी ठेवून सर्वांसमक्ष विचारले, "काय हो रायटर, तुमचंच तुमच्याशी भांडण लागलंय का?" या अपमानास सर्वस्वी भास्करराव जबाबदार आहेत.

आता वांग्यांविषयी. भास्कररावांनी पावसाळ्याच्या आरंभी मोठ्या हौसेने वांगी लावली. प्रत्येक झाडाला पत्र्याचा नंबर ठोकला. भाद्रपदात फळ आले. तोडलेले प्रत्येक वांगे ते मापकात धरीत. मापात बसेल ते क्रेटमध्ये, न बसेल ते "रिजेक्ट" म्हणून ओसरीवर. ओसरीवर ढीग वाढू लागला. तेव्हा ते वहिनींना म्हणाले, "रिजेक्ट माल घरात वापरा. आज भरीत करा."

वहिनींनी ढिगाला हातही लावला नाही.

ही हकिकत मला ज्योतीने सांगितली. कोठुळे मंडळींचे कुलदैवत खंडोबा. अशा कित्येक घरांप्रमाणे त्यांच्या घरातही आषाढापासून चंपाषष्ठीपर्यंत वांगे शिजत नाही. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवावयाचा, तळी भरावयाची आणि मग वांगे तोंडात घालावयाचे. वहिनी लग्न होऊन आल्यापासून हे पाळीत आहेत. आणि त्या घराच्या कर्त्या पुरुषाला ते ठाऊकच नव्हते!

"लावताना सांगायचं ना!" भास्करराव म्हणाले.

"तुम्ही विचारलं का?" वहिनी म्हणाल्या. "तीस वर्षं कँटीनमध्ये जेवला. कधी सेकंड शिफ्ट, कधी नाईट. घरात काय शिजतं आन काय नाय, तुम्हाला कुठून कळावं?"

भास्करराव पुष्कळ वेळ हातातल्या वांग्याची जाडी पुन्हा मोजीत बसले, असे ज्योती म्हणाली. ती मुलगी व्यवहारी आहे. तिने दुसऱ्या दिवशी तो सर्व रिजेक्ट माल रस्त्याच्या कडेला गोणपाटावर मांडला आणि वणीला देवीच्या दर्शनास निघालेल्या लोकांनी तासाभरात उचलला. सासऱ्यांनी विचारले तेव्हा म्हणाली, "पप्पा, गिऱ्हाइकाकडं मापक नसतं."

ज्योती शेतात रमली. निलेशला मोकळी हवा मानवली. रमल्या नाहीत त्या एकट्या सुमनवहिनी. मी एकदा सहीसाठी शेतावर गेलो असता त्यांनी मला चहा दिला आणि स्पष्टच सांगितले.

"भाऊ, सातपूरला सकाळी दार उघडलं का समोर चार बाया. कोणी दळण घेऊन चाललेली, कोणी पाण्याचं विचारती. इथं दार उघडलं का वांगी. ती बी नंबर लावलेली. मी बोलू कोणाशी? चौदा नंबरशी?"

"ज्योती आहे की," मी म्हणालो.

"ती कोंबड्यांत. हे मापकात." त्यांनी बशी खाली ठेवली. "मी यांना सांगून ठेवलंय. सातपूरची खोली अजून आपलीच हाय. चंपाषष्ठीचा नैवेद्य झाला का मी जाणार. पुढचं मला विचारू नका."

हे भास्करराव दारात उभे राहून ऐकत होते. "चहात साखर टॉलरन्सबाहेर हाय," एवढेच म्हणून ते निघून गेले. अशा माणसाला काय म्हणावे, हे मला त्या दिवशी समजेना.

त्यानंतर पंधरा दिवसांत ते माझ्याकडे एक नवाच अर्ज घेऊन आले. म्हणजे अर्जाचे साहित्य घेऊन आले: रस्त्याचा नकाशा, फाट्यापासूनची अंतरे, सकाळ-संध्याकाळच्या एस.टी. गाड्यांच्या वेळा, सर्व रेघा पट्टीने मारलेल्या. गाडी त्यांच्या शेतापाशी थांबत नसे. ती थांबे दोन किलोमीटर पुढे फाट्यावर, आणि वहिनींच्या गुडघ्यांना ते अंतर झेपत नव्हते. मोटरसायकलवर मागे बसणेही त्यांना शक्य नव्हते. भास्कररावांना आगारप्रमुखांच्या नावे अर्ज हवा होता, की नाशिकला जाणारी सकाळची व तिकडून येणारी संध्याकाळची गाडी त्यांच्या शेताच्या वाटेपाशी हात दाखविल्यास थांबावी. यास विनंती थांबा असे म्हणतात.

आता माझाही संयम सुटला. मी लेखणी खाली ठेवून म्हणालो, "भास्करराव, वहिनी घर सोडून जायचे म्हणतात. गावात कुजबुज आहे. त्यांना अडविण्याचे काही करावे, ते सोडून तुम्ही त्यांच्या जाण्यासाठी दारात गाडी उभी करता?"

ते म्हणाले, "अडवून माणूस राहतो का, रायटर?"

ते नकाशाची घडी घालीत, माझ्याकडे न पाहता बोलू लागले.

"मी तीस वर्षं रोज गेलो. कंपनीची बस कोपऱ्यावर यायची. नाईटला तर घरासमोर. ती एकदा बी म्हणली नाय, का जाऊ नका. मी गेलो आन रोज आलो. का आलो? बस दारात होती म्हणून. यायला त्रास नव्हता." त्यांनी घडी पुन्हा उलगडली. "ती चंपाषष्ठीला फाट्यापर्यंत दोन किलोमीटर रडत चालत गेली ना, तर परत नाय यायची. तीच दारातून बसून गेली, तर येईल बी. तिला बी एक बस पाहिजे का नको?"

मी तो अर्ज दोनदा लिहिला. दुसऱ्यांदा त्यांनी सांगितले नव्हते.

थांबा मंजूर झाला. भास्कररावांनी स्वतः लोखंडी पाटी रंगवून वाटेच्या तोंडाशी रोवली. पाठोपाठ चंपाषष्ठी आली. मला जेवणाचे आमंत्रण होते. तळी भरताना "येळकोट येळकोट जय मल्हार" असे भास्कररावच सर्वांत मोठ्याने म्हणाले. भरीत वहिनींनी केले होते. वांगी कोणी मोजली नव्हती. भास्करराव तीन वेळा भरीत मागून जेवले आणि तिसऱ्या वेळी वाढणाऱ्या वहिनींना हळूच म्हणाले, "हे असं भरीत दर वर्षी करायचीस?"

"दर वर्षी," वहिनी म्हणाल्या. "झाकून ठेवायचे तुमच्यासाठी. सकाळी गाईला घालायचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी दोन पिशव्या घेऊन गाडीत बसल्या. गाडीत चढताना त्यांनी मागे पाहिले नाही, असे ज्योती म्हणाली. भास्कररावांनी पिशव्या आत ठेवल्या, खिडकीची काच बसत नव्हती ती बसवून दिली आणि खाली उतरले.

त्यानंतर ते रोज दुपारी माझ्याकडे येऊ लागले. अर्ज नाही, तक्रार नाही. पक्षकारांच्या बाकड्यावर कडेला बसावयाचे. "काय लिहायचे?" विचारावे, तर "काय नाय." खरे पक्षकार उभे आणि हे बसलेले! मी दोन वेळा सूचक खोकलो. परिणाम शून्य. चिंचेच्या खोडाला हात लावून, "घेर चांगला हाय," एवढे ते एकदा म्हणाले. मापक काढले नाही.

एका संध्याकाळी मला कामानिमित्त वणीला जावयाचे होते. मी त्याच गाडीत होतो. कोठुळ्यांच्या वाटेपाशी गाडीचा वेग कमी झाला. मी खिडकीतून पाहिले. पाटीशेजारी भास्करराव उभे होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात कंपनीचे जुने बूट. ते गाडीच्या दाराकडे पाहत होते. कोणी उतरले नाही. तेव्हा त्यांनी हात हलवून "जाऊ द्या" अशी खूण केली.

"रोजचं हाय," वाहक मला म्हणाले. "हात दाखवतो, पण चढत नाय, कोणाला बोलत नाय. तरी थांबावं लागतं. थांबा मंजूर हाय ना!"

तो थांबा कोणाच्या अक्षराने मंजूर झाला, हे मी वाहकांना सांगितले नाही. एरवी सांगितले असते.

वहिनी गेल्यास बारा दिवस झाले असताना भास्करराव कागद घेऊनच आले. मला बरे वाटले. निदान काम तरी होते.

"लिहा, रायटर. आगारप्रमुख. विषय: संध्याकाळची गाडी थांब्यावर थोडी जास्त उभी करणेबाबत."

मी लिहू लागलो. ते सावकाश सांगत होते.

"सदर थांब्यावर एक ज्येष्ठ महिला प्रवासी नेहमी उतरतात. त्यांचे गुडघे दुखतात. गाडीची पायरी उंच आहे. तरी त्या पूर्ण उतरून, पिशव्या खाली ठेवून, बाजूला होईपर्यंत घंटी मारू नये, ही विनंती."

माझी लेखणी "महिला प्रवासी" येथेच थांबली होती.

"वहिनींचा फोन आला?"

"ज्योतीला येतो."

"येणार म्हणाल्या?"

"ज्योतीनं विचारलं नाय. मीच सांगितलं, विचारू नको."

मी चष्मा काढला. "भास्करराव, सही तुमची असणार आहे. त्या थांब्यावर आजवर एकही माणूस उतरलेला नाही. 'नेहमी उतरतात' हे विधान आज रोजी खरे नाही. खोटे विधान मी लिहीत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. प्रथमच त्यांच्या डोळ्यांत तपासणी नव्हती.

"असा अर्ज मंजूर व्हायला किती दिवस लागतात?"

"पंधरा. फार तर वीस."

"मग तोवर होईल खरं," ते म्हणाले.

रस्त्यावरून एक गाडी गेली. ती दुसऱ्या मार्गाची होती, तरी ते उठून पाहून आले. मी कागद पुढे ओढला आणि लिहिले: उतरतात.