भाकरीचं ताट

महेश्वरचं म्हणणं असं, की सोलापुरात कडक भाकरी करणाऱ्या बायका ढिगानं सापडतील, पण कडक भाकरीचा विचार करणारा माणूस एकच आहे आणि तो सात रस्त्याच्या मागच्या बोळात राहतो. हे तो स्वतःबद्दलच बोलायचा आणि ऐकणारा हसला तर त्याची कीव करायचा.

धंदा खरं तर त्याच्या बायकोचा. शिवलीला चार बायका हाताशी धरून ज्वारीच्या पातळ भाकऱ्या थापायची, वाळवून खडखडीत करायची आणि पार पुण्यापर्यंत पाठवायची. महेश्वर टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होता. कुठल्याशा उद्योजकता शिबिराला तो गेला आणि तिथून आला तो वेगळाच माणूस होऊन. शिबिरातल्या सरांनी सांगितलं होतं, की नवी कल्पना आकाशातून पडत नाही, ती गिऱ्हाइकाच्या अडचणीतून निघते. आणि एकदा कल्पना सापडली की परतीची वाट बंद करून टाका. ही दोन्ही वाक्यं महेश्वरनं पाठ केली आणि नोकरी सोडली.

मग तो गिऱ्हाइकाची अडचण शोधायला लागला. घरात फोन वाजतच असायचा. पुण्याची कुणी बाई विचारायची, ताई, ही भाकरी खायची कशी हो, आमच्या ह्यांचा दात हलायला लागलाय. शिवलीला भाजीची कढई उतरवून ठेवायची आणि समजावून सांगायची, की अख्खी चावू नका, मुठीनं फोडा, बारीक कुस्करा, वर गरम आमटी ओता आणि जरा भिजू द्या. रोज तेच. महेश्वर वैतागायचा. "असल्या अडाणी गिऱ्हाइकांवर वेळ घालवू नको," म्हणायचा, "मला इथं अडचण शोधू दे."

शेवटी त्याला ती एका लग्नात सापडली. जेवणं उरकली होती आणि मोरीपाशी खरकट्या ताटांचा डोंगर लागला होता. महेश्वर त्या डोंगराकडं बघत राहिला. ताट धुवायचंच कशाला? खाऊन टाकायचं! ज्वारीचं, कडक भाकरीचं ताट. कडेनं काठ, आत भाजीला एक खळगा, आमटीला एक खळगा. जेवण झालं की ताट मोडून तोंडात.

लोखंडाचा जड साचा बनवून आणला. ताटं दाबली, भाजली, वाळवली. एकात आमटी भरून तासभर ठेवली, थेंब गळला नाही. एक स्कूटरवरून विजापूर रोडनं फिरवून आणलं, तडा गेला नाही. महेश्वरनं स्वतः त्यात जेवून पाहिलं, पण ताटाला धक्का नको म्हणून चमच्यानं. शिवलीला म्हणाली, चार लोकांना जेवायला बसवून तरी बघा. त्यावर तो दारं-खिडक्या लावायला धावला. कल्पना कुणी चोरली म्हणजे?

शिवलीलानं मग कमरेला पदर खोचला आणि काय ते एकदाच सांगून टाकलं.

"भुवनेश्वरीच्या साखरपुड्याला वाढा तुमच्या ताटात. बापूसाहेबबी येनार हायत. त्यांनी ऑर्डर दिली तर तुमी माज्या धंद्यात. न्हाय दिली तर सोमवारपासनं कारखाना. मी मालकांशी बोलून ठेवलंय."

भुवनेश्वरी ही महेश्वरची धाकटी बहीण आणि बापूसाहेब म्हणजे शिवलीलाच्या भाकऱ्या पुण्यात खपवणारे, लग्नाच्या पंगती उठवणारे बडे केटरर. महेश्वर हो म्हणाला. कारखान्यात परत जायचं म्हणजे ज्या पोरांसमोर छाती काढून निरोपाचं भाषण केलं, त्यांच्यासमोरच पुन्हा टॉवेल मोजायचे. मेल्याहून मेल्यासारखं.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी हॉलवर आल्या आल्या त्यानं परतीची वाट बंद केली. हॉलची स्टीलची ताटं ज्या कपाटात होती त्याला कुलूप घातलं, किल्ली येडू टेम्पोवाल्याच्या हातात दिली आणि त्याला कुर्डुवाडीला पाहुणे आणायला धाडलं. ऐन वेळी घरच्यांनी कच खाल्ली तरी ताटं निघायला नकोत. महेश्वरची आई चंद्रव्वा विचारत होती, ताटं कुटं लावलीस रे? तो नुसता हसला.

अंगठ्या झाल्या, पेढे झाले, पंगत बसली. समोर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या. मधोमध नवऱ्या मुलाचे मामा निंगप्पा. मंद्रूपचा माणूस, दोन माणसांची जागा एकट्याला लागणारा. मुलाकडच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. थोरल्यानं घास घेतल्याशिवाय त्यांच्या पंगतीत कुणी अन्नाला हात लावत नाही आणि थोरल्यानं लावला की मग कुणी थांबतही नाही. समोरच्या रांगेत बापूसाहेब, कडक इस्त्रीची पांढरी पँट सावरत बसलेले.

महेश्वरनं प्रत्येकापुढं भाकरीचं ताट ठेवलं. पंगतीत कुजबूज झाली. बापूसाहेबांनी ताट उचलून काठावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. महेश्वरला वाटलं, जिंकलो. आता हॉलच्या मधोमध उभं राहून दोन शब्द बोलायचे, म्हणून त्यानं घसा साफ केला.

तेवढ्यात निंगप्पा मामांनी पुढ्यात आलेल्या वस्तूकडं पाहिलं. ज्वारीची होती, कडक होती, पुढ्यात होती. जन्मभर जे करत आले ते त्यांच्या हातानं आपोआप केलं. मूठ वळली आणि ताटाच्या मधोमध हाणली.

ताट जाड होतं, म्हणून आणखी एक हाणली.

"जरा जाड थापलीय," शेजाऱ्याला म्हणाले, "पन हाय कडक."

थोरल्यानं सुरुवात केली होती. मुलाकडच्या अख्ख्या रांगेच्या मुठी वर गेल्या आणि खाली आल्या. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज झाला. महेश्वरच्या तोंडातले दोन शब्द तोंडातच राहिले.

सोयऱ्यांच्या थोरल्या माणसाला, तेही साखरपुड्याला, तुम्ही चुकलात असं कसं म्हणायचं? त्यानं गपचूप दुसरं ताट आणून मामांपुढं ठेवलं. मामांना वाटलं, पोरगं आग्रह करतंय. "साकु, साकु," म्हणत, म्हणजे पुरे पुरे म्हणत, त्यांनी पोराचं मन राखायला तेही फोडलं.

आता मात्र महेश्वरचा धीर सुटला.

"मामा, ते ताट हाय."

मामांनी कापडावर इकडंतिकडं पाहिलं. "कुटं हाय ताट?"

"तुमी फोडलं ते."

निंगप्पा मामांनी हात मागं घेतला, मांडीवर ठेवला आणि सावकाश म्हणाले, "म्हंजे आमाला ताट न्हाय. आन वर, फोडलं म्हनून आमचंच नाव."

त्यांचा हात मागं गेला तसे रांगेतले सगळे हात मागं गेले. दारात उभी असलेली भुवनेश्वरी रडकुंडीला आली. चंद्रव्वा लेकाकडं बघत होती, ते बघणं महेश्वर जन्मात विसरणार नाही. तो कोपऱ्यात पळाला आणि येडूला फोन लावला. येडू म्हणाला, गाडी लेट हाय, पन किल्लीची काळजी करू नका, माज्या खिशात एकदम सेफ हाय.

महेश्वर भिंतीला टेकला. आता सोमवार चुकत नाही हे त्याला कळलं. सोमवार गेला खड्ड्यात, बहिणीचं कसं होणार याच विचारानं त्याला घाम फुटला.

आमटीचं पातेलं घेऊन शिवलीला आली ती थेट मामांसमोर. गुडघ्यावर बसली, मामांपुढचा चुरा हातानं गोळा केला, उरलेले तुकडे बारीक केले, मधे आळं केलं आणि त्यात शेंगांच्या आमटीची पळी ओतली. वर चटणी, कडेला भरलं वांगं.

"मामा, चुकी आमची हाय. ताटं कुलपात गेली. पन अन्नावर राग नगं. एक घास घ्या, मग काय बोलायचं ते मला बोला."

मामा हलेनात. आमटी आळ्यात जिरत होती, थोडी आळं फोडून कापडावरून वाहत समोरच्या रांगेकडं निघाली होती. तिखट वास सुटला. मामांनी एकदा शिवलीलाकडं पाहिलं, एकदा आमटीकडं पाहिलं आणि शेवटी हात पुढं केला. एक घास घेतला. चावला. महेश्वरनं डोळे मिटून घेतले.

"वाढ की," मामा म्हणाले. "जाड हाय म्हनून आमटी धरतीया. लई ब्येस लागतंय."

रांगेतले सगळे हात पुन्हा पुढं आले. चंद्रव्वानं देवाला हात जोडले. आमटीचा ओघळ तेवढ्यात बापूसाहेबांच्या पांढऱ्या पँटपर्यंत पोचला, पण बापूसाहेबांचं लक्षच नव्हतं. ते वाकून समोरचा चुरा बघत होते. मग आपलं अख्खं ताट त्यांनी बाजूला सारलं आणि समोरच्याच्या ढिगातला एक घास उचलून खाल्ला.

जेवण झाल्यावर त्यांनी महेश्वरला नाही, शिवलीलाला बाजूला बोलावलं. पुण्यातले लोक कडक भाकरी हौसेनं घेतात, ते म्हणाले, पण खायची कशी हे कुणाला ठाऊक नसतं. मलाच फोन करून विचारतात. ही अशीच, फोडून कुस्करलेली, पाकिटात भरून द्या. सोबत आमटीचा मसाला. किती देऊ शकाल?

महेश्वर मागं उभा राहून ऐकत होता. रोज घरात वाजणारा तो फोन त्याला आठवला आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

"आन ताटाचं?" त्यानं हळूच विचारलं.

"ताट चांगलंय," बापूसाहेब म्हणाले. "फुटतं छान."

सोमवारी महेश्वर कारखान्यात गेला नाही. शिवलीलानंच जाऊ दिलं नाही. ऑर्डर मिळाली ती मिळाली, म्हणाली, दिलेला शब्द मी मोडनार न्हाय. तिनं त्याला कामही दिलं. तो लोखंडी साचा उलटा करून, त्याखाली भाकऱ्या ठेवून दाबायचा. एका दाबात चुरा होतो. पाकिटं पुण्याला जातात आणि फोन आता फक्त आणखी मागायला येतात. शिबिरातल्या सरांनी त्याला बोलायला बोलावलं, तेव्हा महेश्वरनं गिऱ्हाइकाचं निरीक्षण या विषयावर तासभर भाषण ठोकलं. निंगप्पा मामांचं नाव तेवढं घेतलं नाही.

पुढं भुवनेश्वरीचं लग्न झालं. पंगतीत स्टीलची ताटं होती, किल्ली चंद्रव्वाच्या कमरेला होती. महेश्वरनं अभिमानानं आपलं पाकीट मामांपुढं फोडलं आणि चुरा ताटात ओतला.

मामांनी ताटात वाकून पाहिलं. मग ते ताट हळूच महेश्वरकडं सरकवलं.

"पोरा, हे कुनीतरी आदीच कुस्करलंय. मला अख्खी आन."