करवंदाच्या जाळीची ओळख

मंगळवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. तहसील कचेरीत तीन नंबरच्या खिडकीपुढे घाटातून चालत आलेली करवंदाची जाळी स्वतःची ओळख पटवून घेण्यासाठी रांगेत उभी होती. मागच्या माणसांनी काट्यांपुरतं अंतर ठेवलं होतं.

घाटरस्ता रुंद होणार आहे. ज्या सदाहरित झुडपांची ओळख दोन साक्षीदार पटवतील ती राहतील. बाकीची पाच वाजता तोडायची, असा आदेश आहे. एकतीस वर्षं मी या घाटाच्या बातम्या देतो. जाळीने पहिला साक्षीदार म्हणून उदय तावडेचं नाव दिलं. हा वार्ताहर तालुक्यात येऊन दोन वर्षं झालीत. मी दुसरा.

"पहिला मी का नाही?" मी जाळीला विचारलं.

"तुम्ही माझे फोटो छापलेत," ती म्हणाली. "एक करवंद तरी तोंडात टाकलंत कधी?"

तावडे हसला. रांगही हसली.

अव्वल कारकून मणेरीकरबाईंनी दोन करवंदं तोडून टेबलावर ठेवली. "चावण्याआधी सांगायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. एकदाच."

तावडे "कोंबडी" म्हणाला आणि चावून उरलेलं अर्धं त्याने दाखवलं. पांढरं.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"ती सांगते की मला."

माझी पाळी आली तेव्हा तो कानाशी लागला. "कोंबडा म्हणा, साहेब. तिच्या जिवाचा प्रश्न आहे."

तिची खबर मी याच्याकडून घ्यायची?

"कोंबडी," मी ठणकावून सांगितलं.

आत लालभडक निघालं. गोड होतं.

"अहो, काय केलंत हे!" मणेरीकरबाई म्हणाल्या.

जाळीचा एक काटा तावडेच्या बाहीत अडकला होता, तो त्याने सावकाश सोडवला. माझ्या बाहीत काहीच अडकलं नव्हतं.

पाच वाजता तोडणारे घाटात पोचलेल्या जाळीपाशी गेले आणि कोयते तसेच घेऊन परतले. जाळीची ओळख पटल्याची नोंद झाली होती.

मी नोंदवही मागून घेतली. नात्याच्या रकान्यात तावडेपुढे 'परिचित' आहे. माझ्यापुढे चुकलेलं उत्तर जसंच्या तसं आहे, आणि नातं 'घरचे'. घरच्यांची साक्ष धरतात, उत्तर धरत नाहीत, असं मणेरीकरबाई सांगतात. अक्षर त्यांचं नाही, तावडेचं नाही, माझंही नाही. ते कुणाचं, असं विचारणारे तीन लेखी अर्ज मी दिलेत. एकाचंही उत्तर आलेलं नाही.