काळी पडलेली फुलकोबी

दुपारी अडीच वाजता, लातूरच्या क्लासेसच्या गल्लीतल्या एमआरआय सेंटरमध्ये, साखराबाईंना काचेपलीकडच्या पडद्यावर नवऱ्याचं डोकं काळं पडताना दिसलं.

भूकंपात दगड लागल्यापासून श्रीमंतरावांचं डोकं दुखायचं. हल्ली तोल जाऊ लागला, म्हणून ही तपासणी. त्यांना मशीनमध्ये झोपवून, त्यांचा चांदीचा करदोडा पदरात बांधून साखराबाई पाणी आणायला गेल्या. पाण्याच्या रांगेत तास गेला; परतल्या तर मशीन धडधडतच होतं.

पडद्यावर वाटोळ्या आकारात पांढरे गुच्छ होते आणि कडेनं काळं आत सरकत होतं.

"बाहेरचं सगळं गेलं," पडद्यासमोरची तनुजा म्हणाली. "आता मधलं जाईल."

"मग?" मशीन चालवणाऱ्या फैजाननं विचारलं.

"मग कापून बघू."

साखराबाईंनी जळकोटला दिराला फोन लावला. "रामलिंग भावजी, जीप काढा! तुमच्या भावाचं डोकं काळं पडायलंय, कापायचं म्हनायलेत!"

मग त्यांनी दारावर धडका मारल्या. "बंद करा! जितं मानूस हाय आत!"

"मावशी, आत मानूस न्हाई," फैजान म्हणाला. "फुलकोबी हाय."

"माझ्या मालकाला कोबी म्हन्तोस व्हय रे?"

त्यानं मशीन थांबवून आतून थर्माकोलचा डबा आणला. धुरकट गारठ्यात खरंच फुलकोबी होती.

"आजी, पाणी गोठलं की चित्रात काळं दिसतं," तनुजा म्हणाली. "भाजी आतपर्यंत कशी गोठते ते बघतेय मी." डॉक्टर व्हायला ती याच गल्लीत दोन वर्षं क्लासला होती; गेली अन्नतंत्रज्ञानाच्या संशोधनाला, पेशंट म्हणून शेवटी कोबी मिळाली.

"मग आमचे मालक?"

ते समोरच्या मोकळ्या प्लॉटवर सेंटरचा निळा झगा घालून बसले होते. भूकंपापासून काही धडधडलं की ते छपराखाली थांबत नसत. तपासणी होईतो कसेबसे पडून राहिले आणि ती झाली तसे तडक बाहेर पडले होते.

"सांगून जावं की वो!"

"जमीन हलल्यावर कुनी सांगून पळतंय का?"

संध्याकाळी जीपभर भावकी गळा काढतच उतरली. श्रीमंतराव रिपोर्टची वाट बघत शेंगा फोडत होते. रामलिंगनं रडं अर्ध्यावर गिळलं. "वैनी, डिझेल कोबीच्या नावावर लिवू का?" सगळे हसले. साखराबाई तर डोळे पुसून पुसून हसल्या.

तेवढ्यात फैजान आला. तो हसत नव्हता.

"काका, मावशी, डॉक्टरसाहेबांनी वर बोलावलंय. बाकीचे खालीच थांबा."

श्रीमंतरावांनी टरफलं झटकली. साखराबाईंनी पदराची गाठ घट्ट धरली. रस्त्यावरचे दिवे लागले, क्लास सुटले, तरी ती दोघं खाली आली नव्हती.